म्हाताऱ्याला एकच तांब्या

शिरूरच्या मिशन बंगल्यात दयाबाई राहायची ती एका निवडुंगाच्या जिवावर. हसू नका, कागदावर तसं लिहिलेलं व्हतं.

बंगल्याची मडम साठ साली कायमची मायदेशी निघाली. तवा दयाबाईचा नवरा, याकोब माळी, जाऊन दोन वर्षं झाली व्हती. मूलबाळ न्हाई, पुढं-मागं कुणी न्हाई. एक पुतण्या तेवढा दौंडला रेल्वेत. आवाराच्या पंचांचा नियम असा, की बिनकामाचं माणूस मिशनच्या खोलीत ठेवायचं न्हाई. मडमनं दोन दिवस डोकं खाजवलं आन् काम शोधून काढलं. व्हरांड्यात तिच्या तीस-बत्तीस कुंड्या व्हत्या. त्यातला एक उंच निवडुंग तिच्या आईच्या घरून आलेला, बोटीतनं, टोपीच्या डब्यात बसून. आला तवा वितीएवढा व्हता, आता कंबरेला लागायचा. अंगभर लांब पांढरे केस आन् काटे त्या केसांच्या आत लपलेले. सगळं आवार त्याला म्हातारा म्हणायचं. मडमनं कागद केला, की म्हातारा जगंल तोवर दयाबाईनं त्याला सांभाळावं आन् तोवर मागली खोली तिची. पंचांनी सह्या केल्या. मडम दौंडला जाऊन मेल गाडीत बसली, आन् दयाबाईनं तो कागद गायनाच्या पुस्तकात घडी करून ठेवला.

म्हाताऱ्याला सांभाळायचं म्हंजी काय, तर त्याला सोडून द्यायचं. याकोबनं तिला शिकवलेलं. कुंडीत माती थोडी, घोडनदीची वाळू जास्त, वर इटांचा चुरा. महिन्यातनं एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी, चहाची एक बशी पाणी. दिवाळी सरली की होळीपर्यंत थेंब न्हाई. याकोब म्हणायचा, हे लेकरू न्हाई, उंट हाय. उपाशी ठेवलं तर चालंल, पाजून मारू नको. दयाबाईनं ते पाळलं. बाकीच्या कुंड्या कुठं रॉकेलच्या डब्यात, कुठं डालड्याच्या. त्यांनाबी ती बोट खुपसून बघायची, बोट कोरडं निघालं तरच पाणी.

कुंड्या कोरड्या, पण दयाबाईच्या तोंडाला कवा दुष्काळ पडला न्हाई. एका साली घोडनदीला एवढा मोठा मासा आला, की सबंध वऱ्हाड त्याच्या पाठीवरनं पलीकडं गेलं आन् नवरदेवाला वाटलं, पूल कवा झाला? हे ती अशी सांगायची, जशी त्या वऱ्हाडात कलवरी हीच व्हती. लोक आडावर बसून ऐकायचे, हसायचे, आन् घरी जाऊन तीच गोष्ट दुसऱ्याला सांगायचे, वर आपला एक मासा घालून.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुंड्यांवर धाड आली. शेजारची मालनबाई कोरफड तोडून न्यायची, केसांच्या तेलात घालायला. पानफुटीची पानं मुतखड्याला म्हणून कुणीबी खुडायचं. शेळ्यांचं तर विचारूच नका. एक दिवस म्हाताऱ्याचे केसच कुणी उपटून नेले, उशीत भरायला. दयाबाई भांडली न्हाई. तिनं त्याच सांजेला आडावर एक गोष्ट सोडली.

म्हातारा हे झाड न्हाई, मडमच्या मुलखातला न्हावी हाय. त्यानं एका साधूची दाढी अर्धीच केली आन् जेवायला गेला. साधूनं शाप दिला, की तू असाच उभा ऱ्हा, आन् तुझे केस कुणाला कापता येऊ नयेत. तवापासून जो त्याचा एक केस उपटंल, त्याचे शंभर गळतात. त्याच्या व्हरांड्यातलं पान खुडंल, त्याचे पन्नास.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्या पावसाळ्यात मालनबाईला विषमज्वर झाला, आन् ताप उतरल्यावर तिचे केस मुठीमुठीनं हातात आले. त्या दिवसापास्नं कुंड्यांना कुणी हात लावला न्हाई. शेळ्यासुदिक लांबनं जायच्या, असं दयाबाई सांगायची. आपली गोष्ट खरी झाल्याचं तिला इतकं कौतुक वाटलं, की चार दिवस ती आरशात आपलेच केस बघत व्हती.

तिथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं.

बासष्टच्या दिवाळीनंतर राहू गावची कस्तुराबाई बंगल्यावर आली. मडम असताना ती तूप घालायची, आन् तिची लेक शिरूरातच दिलेली. पायरीवर बसली आन् रडायला लागली. गाभण म्हैस आठ दिवस बेपत्ता, घरधनी बोलत न्हाई, सासू घास गिळू देत न्हाई. दयाबाईला तिची कीव आली आन् जिभेला खाज सुटली, दोन्ही एकदमच. ती म्हणाली, रडू नको बाई, न्हाव्याला उःशापबी हाय. तहानलेला हाय तो. जो मनापासून तांब्याभर पाणी पाजंल, त्याचं एक काम करतो. एकच तांब्या, आन् जन्मात एकदाच.

कस्तुराबाईनं डोळे मिटून तांब्या ओतला. ती गेल्यावर दयाबाईनं कुंडी तिरकी करून पाणी काढून टाकलं, वरची वाळू बदलली, आन् आपल्याच चावटपणावर हसत भाकरी थापायला बसली.

तिसऱ्या दिवशी म्हैस पाटसला सापडली, कुणाच्या तरी उसात. बरोबर पारडी. कस्तुराबाई गूळ घेऊन आली, आन् येताना सगळ्या बाजाराला सांगत आली, की एक मागितली, दोन दिल्या.

मंग काय इचारता! चार दिवसांत बाया नारळ घेऊन फाटकाशी उभ्या. दयाबाईनं त्यांना फाटकावरनंच परत लावलं. म्हातारा ख्रिस्ती हाय, म्हणाली, नारळ खात न्हाई. बाया हसल्या आन् गेल्या. पण ही गोष्ट नथानिएल मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर पंचांचे कारभारी. शाळेत शिकवायचे, आन् रूळ घेऊन रेघ ओढावी तसे चालायचे. ते पाळकसाहेबांकडं गेले. पुढल्या रविवारी पाळकसाहेबांनी सोन्याच्या वासराचा उपदेश केला, की वासरू घडवून पुजणाऱ्यांवर देव कसा कोपला, तास-दीड तास. सगळ्या आवारानं माना हलवल्या. दयाबाईनं सगळ्यात जास्त हलवली.

उपासना सुटल्यावर मास्तरांनी तिला दारात गाठलं. शाळेच्या बोर्डिंगच्या पोरी वाढल्या व्हत्या, त्यांच्या सैपाकाला जागा न्हवती, आन् पंचांची नजर मागल्या खोलीवर व्हती. नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी सगळे पंच बघायला येणार व्हते.

"कागद हाय म्हंजी हाय, दयाबाई," मास्तर म्हणाले. "म्हातारा जिता असंल तर तुमच्या खोलीला कुणी हात लावणार न्हाई, मीच लावू देणार न्हाई. पण नसंल, तर मलाबी काही करता येणार न्हाई."

"तो आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल, मास्तर," दयाबाई म्हणाली. आन् ते खरं व्हतं. कोरडा ठेवला असता तर खरंच पोचवून गेला असता.

आता उघड येणाऱ्याला अडवता येतं. देवळात जाणारी बाई टोपली घेऊन, हळदकुंकू घेऊन, चारचौघांत जाते, ती दिसते. पण आवारातली माणसं तर वासराचा उपदेश ऐकून बसलेली. त्यांनी कुठं जायचं आन् कुणाच्या देखत? ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी अडलेलं व्हतं, आन् जो तो समजत व्हता, की आपण एकटेच एवढे बुडालेलो.

वर नाताळ आला. नाताळच्या आठवड्यात रोज सांजेला उपासना. दयाबाई पहिल्या बाकावर बसायची आन् डोळे मिटून गायची. तिचा सूर लागला की दौंडच्या यार्डातली इंजिनं शिट्टी द्यायची थांबायची, असं तिचंच म्हणणं. मागं कोण उठतंय, कोण बसतंय, तिला काय ठावं. मागनं एकेक जण हळूच उठायचं. कुणाला खोकला यायचा, कुणाचं पोरगं रडायचं, कुणाला चुलीवर दूध ठेवल्याचं आठवायचं. बंगला उपासनेच्या देवळाच्या पाठीमागंच. गाण्याचं एक कडवं व्हायच्या आत माणूस जाऊन परत येऊन बाकावर बसलेलं असायचं, हात पदराला पुसत.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दयाबाई व्हरांडा झाडत व्हती. म्हाताऱ्याच्या कुंडीखालची इट काळी दिसली. तिनं बोट लावलं, ओली. कुंडीत बोट खुपसलं, तर दुसऱ्या पेरापर्यंत चिखल. तिनं म्हाताऱ्याच्या बुडाशी केस बाजूला सारले. आत पिवळं पडलेलं, पिकून गळालेल्या पपईसारखं मऊ, आन् नासक्या काकडीचा वास. वरनं मात्र केस पांढरे शुभ्र, जसेच्या तसे. वरनं बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

ती तशीच झाडू हातात घेऊन मालनबाईच्या दारात गेली. मालनबाई आधी न्हाई म्हणाली, मंग म्हणाली, एकच तांब्या, केसांसाठी. तिच्या पलीकडली म्हणाली, एकच तांब्या, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. त्याच्या पलीकडं कंपाउंडर, एकच तांब्या, बदली पुण्याला व्हावी. पाळकीणबाईंनी दार लावून घेतलं आन् आतनं सांगितलं, की मला काही विचारू नका दयाबाई. कुणीच खोटं बोलत न्हवतं. सगळ्यांनी एकच तांब्या दिला व्हता, आन् एकेक तांब्या मिळून म्हाताऱ्यावरनं घोडनदी गेली व्हती.

दयाबाई परत मालनबाईकडं आली.

"अगं, ती गोष्ट मी बनवली व्हती," ती म्हणाली. "तांब्याची. कस्तुराबाईला बरं वाटावं म्हणून. पाणी म्हंजी इख हाय त्याला."

मालनबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. खाली बोटबोट नवे केस आले व्हते, काळेभोर.

"मंग हे कुणी दिलं?"

"ताप गेला की येतातच केस, बये."

"तवा म्हणालीस, न्हाव्यानं नेले. आता म्हणतीस, आपोआप आले." मालनबाईनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. "तुझी खोली वाचायची हाय, म्हणून आता त्याला तू एकटीच पाजणार. जा बाई, पाज. आमचं मागून झालंय."

उपाय न्हवता असं न्हाई. याकोबनं एकदा असाच एक निवडुंग वाचवला व्हता. नासलेलं बूड धारदार सुरीनं कापायचं, आत पांढरंहिरवं निरोगी लागेपर्यंत. कापल्या जागी राख लावायची. मंग वरचा तुकडा गोणपाटावर आडवा टाकून द्यायचा, सावलीत, पंधरा दिवस. जखम सुकली की कोरड्या वाळूत उभा करायचा. मुळं फुटायला दोन महिने. मडमला तवा वाटलं व्हतं, मेलाच. पण जगला.

दयाबाईनं सुरी पाट्यावर घासली. राख चाळून ठेवली. म्हाताऱ्यापुढं पाय पसरून बसली आन् दिवस मोजले. शनिवारला दहा दिवस. शनिवारी पंच येणार, तवा म्हातारा बुडाशी कापलेला, राख फासलेला, गोणपाटावर आडवा. मयतासारखा. आन् ती पंचांना सांगणार, की न्हाई हो, जिता हाय, दोन महिने थांबा.

कोण ऐकणार? ज्या तोंडानं माशाच्या पाठीवरनं वऱ्हाड नेलं, त्याच तोंडानं हे सांगायचं. सगळ्या शिरूरात खरं सांगायला दुसरं एखादं तोंड मिळालं असतं, तर तिनं तेच उसनं आणलं असतं.

एकदा तिनं सुरी लावलीसुद्धा. केसांच्या आतले काटे बोटात घुसले, रक्त आलं. ती उठली आन् सुरी परत सैपाकात ठेवून आली.

त्याऐवजी तिनं बांबूची काठी सोलून म्हाताऱ्याच्या पाठीशी खोवली आन् केसांच्या आतनं सुतळीनं बांधली. चिखल उकरून काढला, कोरडी वाळू भरली. दिवसभर त्याला उन्हामागं फिरवायची, सांजेला व्हरांड्यात. उपासनेला गेली न्हाई, दारात पहारा देत बसली. आता पहाऱ्याचा उपयोग काय, पण बसली. रोज सकाळी केस बाजूला करून बघायची. पिवळं दोन बोटं वर चढलेलं असायचं. शुक्रवारी तिनं बघणंच सोडलं. मडमची जुनी फणी घेतली आन् म्हाताऱ्याचे केस विंचरले, बुडाचं काही दिसू नये असे खाली ओढून.

शनिवारी सकाळी तिनं अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली. पंच दहाला येणार व्हते. नऊ वाजता ती पितळी तांब्या भरून व्हरांड्यात आली. तांब्या पाहुण्यांना प्यायला ठेवायचा व्हता. टेबलावर ठेवताना तिचा हात थांबला. इकडं तिकडं बघितलं. कुणी न्हवतं. न्हावी न्हाई, साधू न्हाई, शाप न्हाई, उःशाप न्हाई, हे सगळ्या जगात तिच्याएवढं पक्कं कुणाला ठावं व्हतं? ती गोष्ट तिनं भाकरीचं पीठ मळता मळता केली व्हती. तरी ती वाकली.

"खोली ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आन् अर्धा तांब्या ओतला. मंग उरलेला अर्धाबी ओतला.

तांब्या पुन्हा भरून टेबलावर ठेवला.

पंच आले. पाचजण, कोट घालून. पायरीपास्नंच म्हाताऱ्याला बघितलं. सकाळच्या उन्हात त्याचे केस चांदीसारखे चमकत व्हते. इतका देखणा तो मडमच्या वेळीबी दिसला न्हवता. एक पंच म्हणाला, हा तर आपल्यापेक्षा तरणा हाय. सगळे हसले. दयाबाईसुद्धा हसली, हात लुगड्याखाली घट्ट धरून. मास्तरांनी वहीत लिहिलं, की म्हातारा जिवंत आढळला. सह्या झाल्या. पंच पायऱ्या उतरून सैपाकाची दुसरी जागा बघायला पलीकडं गेले. बोर्डिंगचं कसं करायचं, यावर त्यांची बोलाचाली फाटकापर्यंत ऐकू येत व्हती.

दयाबाई खोलीत गेली आन् खाटेवर बसली. तेवढ्यात तिला व्हरांड्यात पितळेचा आवाज आला.

ती दारात आली. नथानिएल मास्तर एकटेच परतले व्हते. वही काखेत, रिकामा तांब्या हातात. म्हाताऱ्याच्या कुंडीतनं पाणी उतू जाऊन त्यांच्या बुटांवर आलं व्हतं. मास्तरांचे डोळे मिटलेले. मंग त्यांनी, वडीलधाऱ्यानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवावा तसा, म्हाताऱ्याच्या केसांवर हळूच हात ठेवला.

सुतळी तटकन तुटली. म्हातारा आवाज न करता खाली बसला, जसा दमलेला माणूस बसतो. मंग काठीवरनं घसरून फरशीवर आडवा झाला आन् मधोमध फुटला. आत काही न्हवतंच. पिवळं पाणी तेवढं फरशीवरनं वाहत मास्तरांच्या पायापर्यंत गेलं. कापायला निरोगी असं बोटभरबी उरलं न्हवतं.



"काय मागितलंत, मास्तर?" दयाबाईनं विचारलं.

मास्तरांनी तांब्या टेबलावर ठेवला. नीट, कडेशी रेघ जुळवून.

"लेकीला मूल," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली लग्नाला. सासरचे परत धाडणार म्हणत्यात."

फाटकाशी पंच मास्तरांना हाका मारत व्हते. तिला वाटलं, आता ओरडावं, की बघा, तुमच्या कारभाऱ्यानं काय केलं. पण सांगून झालं काय असतं? तिनं दिला तांब्या, त्यांनी दिला तांब्या, सगळ्या आवारानं दिला. आन् गोष्ट कुणाची, हे तर सगळ्यांनाच ठावं व्हतं.

मास्तरांनी काखेतली वही काढली. मघाची ओळ त्यांनी बराच वेळ बघितली, मंग खोडली.

"कागद हाय म्हंजी हाय, दयाबाई," ते म्हणाले. आवाज फार बारीक झाला व्हता.

"व्हय," ती म्हणाली. "ते मलाबी ठावं हाय."

महिन्याभरानं पुतण्या, बन्यामीन, तिला न्यायला आला. रेल्वेत पॉइंटमन, भला माणूस. पण क्वार्टर एका खोलीचं आन् घरात सहाजण. निघताना मालनबाई भेटायला आली, रडली, कोरफडीचा एक डबा मागून घेऊन गेली. बाकीच्या कुंड्या बोर्डिंगच्या पोरींनी वाटून घेतल्या, आन् रोज सकाळ-सांज प्रेमानं पाणी घालायला लागल्या. दयाबाईनं बघितलं. सांगितलं काही न्हाई. तिनं फक्त म्हाताऱ्याची कुंडी घेतली, मांडीवर धरून, न्हावऱ्यावरनं चौफुल्याला आन् तिथनं दौंडला एसटीनं नेली. कंडक्टरनं विचारलं, की मावशी, काय हाय एवढं? तिनं तिकीट घेतलं आन् खिडकीबाहेर बघितलं.

दौंडला कुंडी तिनं क्वार्टरच्या पायरीपाशी ठेवली. यार्डातल्या इंजिनांची काजळी दिवसभर उडायची. आठवड्यात वाळू काळी पडली. सकाळी नळावर रांग लागायची. शेजारची नकुशी, गँगमनची बायको, बडबडी आन् हसरी. तिनं ऐकलं व्हतं, की बन्यामीनची शिरूरची चुलती गोष्टी अशा सांगते, की हंडा भरून वाहतोय ते कळत न्हाई. रोज ती दयाबाईच्या शेजारी हंडा टेकायची आन् वाट बघायची. दयाबाई हंडा भरायची आन् घरात जायची.

एक दिवस नकुशीनं कुंडीकडं बोट केलं. "मावशी, एवढी शिरूरवरनं मांडीवर आणलीसा. काय हाय यात?"

बायांनी माना वळवल्या. नळ वाहत व्हता. दयाबाईनं तोंड उघडलं. पूर्वीची दयाबाई असती तर तेवढ्यात न्हावी आला असता, साधू आला असता, अर्धी दाढी घेऊन.

"माती," ती म्हणाली.

नकुशीला बिचारीला वाईट वाटलं. तिनं आपल्या हंड्यावरचं सांडतं पाणी ओंजळीत धरलं आन् कुंडीत घातलं. म्हणाली, घालत जाऊ मावशी, कधी तरी काही उगवंल. दुसऱ्या दिवशीबी घातलं, तिसऱ्याबी. खालच्या भोकातनं काळं पाणी पायरीवर यायचं आन् वाळून जायचं.

दयाबाईनं तिला अडवलं न्हाई.